उशिरा पोचलेलं चित्र

माझ्या स्कूटरला मागे घडीची शिडी बांधलेली असते. त्यामुळे दहिवलीपासून खालापूरपर्यंत मला नावापेक्षा शिडीवरून ओळखणारी माणसं जास्त. फाटकापाशी पोचले की कोणीतरी आत ओरडतं, "शिडीवाल्या ताई आल्या!" मग मालक बाहेर येतात, माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकतात आणि विचारतात, "मिस्त्री मागून येतायत का?" मी शिडी उतरवत म्हणते, "मिस्त्री आले."

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले तेव्हा कॅमेरे बसवायचा धंदा इकडे कोणाला ठाऊक नव्हता. मी कर्जतच्या बाजारात एका दुकानात टीव्ही दुरुस्त करायचे. माणसं टीव्ही चादरीत गुंडाळून, आजारी पोर आणावं तसा घेऊन यायची. पुढे टीव्ही पाटीसारखे पातळ झाले, बिघडले की टाकून द्यायचे झाले आणि हातातलं काम गेलं. त्या कामाची आठवण अजून येते. पण त्याच सुमाराला मुंबई-ठाण्याच्या लोकांची फार्महाऊसं इकडे उभी राहिली. पाच दिवस बंद आणि दोन दिवस उघडं घर म्हटल्यावर कॅमेरा आलाच. मी टीव्ही उघडायचं सोडून भिंतीवर चढायला लागले.

या कामात माणसाचं मन फार दिसतं. एका काकूंना सुनेच्या स्वयंपाकघरात कॅमेरा हवा होता. मी म्हटलं, "काकू, तो कॅमेरा मी बसवणार नाही आणि दुसऱ्या कोणालाही बसवू देऊ नका." त्या वर्षभर बोलल्या नाहीत. खालापूरच्या एका गृहस्थांना फणसाच्या झाडावर कॅमेरा पाहिजे होता. फणस चोरीला जात होते आणि त्यांचा संशय शेजारी राहणाऱ्या सख्ख्या भावावर होता. चौथ्या दिवशी चित्रात माकडं आली. ते गृहस्थ ती क्लिप घेऊन हसत माझ्याकडे आले. मला वाटलं, चोर सापडला म्हणून खूश आहेत. ते म्हणाले, "बाई, आमचा दादा नव्हता हो!" आणि डोळे पुसले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॅमेरा भिंतीवर ठोकला की काम संपलं. खरं काम तिथून सुरू होतं. कॅमेरा सेकंदाला वीस-पंचवीस फोटो काढतो. ते सगळे फोटो मालकाच्या फोनवर पोचायचे असतात, आणि मधला रस्ता असतो डोंगराच्या पायथ्याशी कशीबशी रेंज पकडणाऱ्या सिमकार्डाचा. म्हणून कॅमेऱ्यातून चित्राचे दोन प्रवाह काढता येतात. एक मोठा, स्वच्छ, जागेवरच्या रेकॉर्डरसाठी. दुसरा बारका, धुरकट, फोनवर बघण्यासाठी. दुसऱ्यात फोटो कमी पाठवायचे, चित्र लहान ठेवायचं आणि सेकंदाला किती माल रवाना करायचा याची हद्द बांधून द्यायची. गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं. एवढा महागाचा कॅमेरा घेतला आणि फोनवर चित्र असं पुसट का, म्हणून तो खट्टू होतो. मी सांगते, पुसट असू दे, वेळेवर आहे.

हे मी जास्त गांभीर्याने सांगायला लागले ते एका पावसाळ्यापासून. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

खालापूरकडे जाताना एक रस्ता आत डोंगराकडे वळतो. तिथे ओढ्याच्या काठाला सामंतकाकांचं फार्महाऊस आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले, ठाण्याला राहणारे. ओढा तिथून खाली वाहत येतो आणि बऱ्याच अंतरावर रस्त्याला आडवा जातो. तिथे पूल नाही, फरशी आहे. फरशी म्हणजे ओढ्याच्या पात्रात टाकलेला बुटका सिमेंटचा रस्ता, कठडा नसलेला. फरशीपलीकडे चढावर ठाकर आदिवासींची वाडी. वाडीतल्या बायका पावसाळ्यात अलीकडच्या शेतांवर भाताच्या लावणीला येतात आणि दुपार कलली की फरशीवरून घरी जातात.

त्या ओढ्याची खोड अशी, की खाली ऊन असतं आणि वर डोंगरात कोसळतं. फरशीवर घोट्याएवढं पाणी बघून माणूस पाय टाकतो आणि मधोमध असताना वरून लोंढा येतो. म्हणून वाडीची जुनी रीत होती. बायका उतरायच्या आधी एक माणूस वर, सामंतकाकांच्या फाटकाजवळच्या दगडावर उभा राहायचा. पाणी चढताना दिसलं की शिटी मारायचा. लोंढ्याला खाली यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात फरशीवरची माणसं बाहेर.

मी तिथे कॅमेरे बसवत होते तेव्हा काकांकडे झाडलोट करणारी हिरा शिडी धरून उभी होती. हिरा वाडीतलीच, पंचविशीची, घरी तान्हं मूल. शिटी मारायचं काम तिच्या सासऱ्याचं होतं आणि त्यांचे गुडघे गेले होते. ती खालून म्हणाली, "ताई, ह्यो फाटकावरचा जरा हिकडं वळव ना. वड्याचं पानी दिसंल."

"तुला दिसून काय करायचंय?"

"आमी फरशीवरनं जातो ना. माज्या फोनात दिसलं तर सासऱ्याला वर उभं नाय रावं लागायचं."

मी काकांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, "द्या की. फक्त तेवढाच कॅमेरा द्या, बाकीचे नकोत." मग मी हिराच्या फोनवर तेवढं एक चित्र चालू करून दिलं. एका कोपऱ्यात फाटक, बाकी सगळा ओढा. बारका प्रवाह, लहान चित्र, कारण तिच्या फोनला त्याहून जास्त झेपलंच नसतं. त्या वर्षी ते छान चाललं. वाडीत मला दोनदा नाचणीची भाकरी आणि रानभाजी जेवायला बोलावलं. माझा भाव वधारला.

पुढच्या पावसाळ्यात काकांचा फोन आला, "ताई, फाटकाच्या कॅमेऱ्यावर सारखं काहीतरी पांढरं हलतं." हे नेहमीचंच. कॅमेऱ्याच्या लाल उजेडाकडे किडे येतात आणि किड्यांसाठी कोळी तिथेच जाळं विणतो. मी दुपारी गेले. घराची चावी माझ्याकडे असायची. शिडी लावली, ओढ्याकडे पाठ करून चढले, जाळं काढलं, पिवळ्या फडक्याने काच चांगली घासून पुसली. वर ढग काळे होते पण पाऊस भुरभुरता. शिडी उतरवून स्कूटरला बांधत असताना घाटाच्या बाजूने घरघर ऐकू आली. घाटातून मालगाडी चढते तेव्हा असाच आवाज येतो. मी फाटक लावलं आणि चिखलातून, पाय टेकत टेकत, स्कूटर खाली आणली.

फरशीपाशी लावणीच्या बायका उभ्या होत्या. डोक्यावर प्लास्टिकचे कागद, हातापायाला चिखल. हिरा मधोमध, फोन कागदाच्या आडोशाला धरलेला. मला बघून हसली.

"तू हिकडं कुठं गं ताई?"

"तुमच्या कॅमेऱ्याला आंघोळ घालून आले."

"शेतावरनं निघाले तवापासून बघतेय. पानी काय नाय." मग फरशीकडे वळून म्हणाली, "जा गं, जा तुमी."

वाडीतली म्हातारी भागीआजी आधीच निघाली होती. डोक्यावर भाजीचं गाठोडं, एका हाताने लुगडं वर धरलेलं. ती अर्ध्याच्या थोडी पलीकडे होती. तिच्यामागे दोघीजणींनी पाय टाकला होता. पाणी घोट्याच्या खालीच.

हिरा म्हणाली, "अगं, ह्ये काय आलं मधीच?"

मी फोनमध्ये डोकावले. चित्रातला ओढा गेला होता आणि सगळ्या पडद्यावर काहीतरी पिवळं फिरत होतं. गोल गोल. मग एक अंगठा आला. अंगठ्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

मी माझ्या हाताकडे बघितलं. अंगठ्याला निळी चिकटपट्टी होती.

मी काच पुसली त्याला किती वेळ झाला होता! त्यानंतर मी शिडी उतरवली, घडी केली, बांधली, फाटक लावलं आणि एवढा रस्ता उतरून आले. आणि हिराचा फोन आत्ता मला काच पुसताना दाखवत होता. म्हणजे ती जे शांत पाणी बघत होती ते केव्हाचंच वाहून गेलेलं पाणी होतं. वर आत्ता काय आहे ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि ती घरघर मालगाडीची नव्हती.

"मागे फिरा!" मी ओरडले. "पाणी येतंय! आजी, पळ!"

फरशीवरच्या दोघी चमकून थांबल्या. भागीआजीही थांबली. मागे वळून, गाठोडं सावरत म्हणाली, "काय बोंबलतेस गं?"

"हिरा, त्यांना सांग! हे चित्र जुनं आहे. तो माझा हात आहे, बघ!" मी अंगठा तिच्या तोंडासमोर नाचवला. हिराने एकदा अंगठ्याकडे बघितलं, एकदा फोनकडे. पुढे काही विचारलं नाही. ती त्यांच्या बोलीत जे ओरडली ते मला शब्दाने कळलं नाही, पण मागच्या दोघी एकमेकींना ओढत काठावर आल्या आणि भागीआजी पुढच्या बाजूला सुटली. त्या वयाची बाई पाण्यातून तशी पळताना मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. गाठोडं तिने सोडलं नाही.

ती पलीकडच्या चढाला लागली आणि लोंढा आला. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पाल्याचा. मग तांबडं पाणी, फांद्या, एक अख्खं केळीचं झाड. फरशी दिसेनाशी झाली. आम्ही सगळ्या आपोआप मागे सरकत गेलो. हिरा बायका मोजत होती. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. पलीकडच्या काठावर भागीआजी उभी होती आणि आमच्याकडे बघून हातवारे करत होती. पाण्याच्या आवाजात ती काय म्हणते ते ऐकू येत नव्हतं, पण आशीर्वाद देत नव्हती एवढं नक्की.

पाणी उतरेपर्यंत बायकांना थांबायलाच लागणार होतं. मी काकांना फोन केला. त्यांना काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्या बाहेर आहेत ना? मोजल्यात ना?" मग म्हणाले, "त्यांना घेऊन वर जा. पडवीत बसवा. चहा करा, साखर ओट्यावरच्या डब्यात आहे." चहा उकळत असताना त्यांचा पुन्हा फोन आला. "ताई, मी गेल्या आठवड्यात नवीन टीव्ही घेतला. त्यावर ओढा चांगला दिसावा म्हणून ॲपमध्ये जाऊन सगळं वरच्या नंबरावर नेऊन ठेवलं होतं. त्यामुळे का हो?"

त्यामुळेच. त्यांनी बारका प्रवाहसुद्धा मोठा करून ठेवला होता. त्यात त्यांचं काय चुकलं? ॲपमध्ये तिथे 'सर्वोत्तम' असं लिहिलेलं असतं. सर्वोत्तम कोणाला नको?

झालं ते असं. त्या सिमकार्डाला जेवढा माल पुढे ढकलता येत होता, त्याच्या कितीतरी पट माल कॅमेरा तयार करत होता. काही कॅमेरे अशा वेळी मधले फोटो सोडून देतात, चित्र अडखळतं आणि माणसाला कळतं की गडबड आहे. हा कॅमेरा काही सोडत नव्हता. न गेलेले फोटो साठवून ठेवायचा आणि ओळीने पाठवत राहायचा. म्हणून चित्र न अडखळता, सुरेख चालायचं आणि दर मिनिटाला मागे पडत जायचं. हिराने नुसता फोन उघडून बघून बंद केला असता तर तिला जवळपास ताजं पाणी दिसलं असतं. ती बिचारी शेतावरून निघाल्यापासून जिवापाड लक्ष ठेवून बघत बसली होती, म्हणून तिला सगळ्यात जुनं दिसलं. हे मी तिला पडवीत बसून सांगितलं तेव्हा तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे मी बघत व्हते म्हनून?"

"तू बघत होतीस म्हणूनच तुला तो अंगठा दिसला. फोन बंद करून खिशात टाकला असतास तर?"

तिला ते पटलं की नाही माहीत नाही, पण ती चहा प्यायली.

मी काकांना विचारून तिथेच सगळं पुन्हा बसवलं. हिराच्या फोनसाठी सगळ्यात लहान चित्र. सेकंदाला पाच-सहाच फोटो. मालाची हद्द इतकी खाली बांधली की सिमकार्ड आजारी असलं तरी वाहून नेईल. आणखी एक गोष्ट. कॅमेरा दर वेळी अख्खा फोटो पाठवत नाही. एक अख्खा पाठवतो आणि पुढे बराच वेळ फक्त काय बदललं तेवढं कळवतो. मधलं काही हरवलं तर पुढचा अख्खा फोटो येईपर्यंत चित्र थिजून राहतं. म्हणून दर सेकंदाला एक अख्खा फोटो, असं सांगून ठेवलं. आणि चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ, जे मुंगीएवढं होतं, ते सगळ्यात मोठ्या अक्षरात आणलं, सेकंदांसकट. सगळ्याजणींना दाखवलं: आधी हे घड्याळ बघायचं, मग फोनचं घड्याळ बघायचं, दोन्ही जुळली तरच पाणी बघायचं. सेटिंग बदलायचा पासवर्ड काकांनीच मला बदलायला लावला. म्हणाले, "मलासुद्धा सांगू नका."

त्याला आता काही पावसाळे झाले. फरशीच्या जागी पूल व्हावा म्हणून वाडीने अर्ज केलेत, मोजणीवाले एकदा येऊनही गेलेत, पूल आलेला नाही. याची खंत आहे. दुसरी खंत अशी, की मी लावलेल्या कॅमेऱ्यामुळे वाडीची शिटी थांबली होती. ती आता पुन्हा सुरू आहे. चित्रात पाणी कमी दिसलं तरी वर एक माणूस उभा राहतो, पाळीपाळीने. मला कोणी विचारलं तर मी कॅमेरेवाली असूनही हेच सांगते की दोन्ही ठेवा.

पण मला त्या पावसाळ्यातली सगळ्यात जास्त आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ. चहा झाल्यावर बराच वेळ बायका पडवीत बसून होत्या. हिराचं पोर अजून अंगावर पीत होतं, तिला दूध दाटून आलं होतं, ती सारखी उठून ओढा बघून यायची. उजेड होता तोवरच पाणी उतरायला लागलं. मी म्हटलं, "तुम्ही खाली जा. मी इथे उभी राहते. मी सांगेन तेव्हाच पाय टाकायचा."

सासरा ज्या दगडावर उभा राहायचा त्याच दगडावर मी उभी राहिले, तोंड वरच्या अंगाला करून. माझ्या डोक्यावर माझाच कॅमेरा होता. त्याच्याकडे मी बघितलं नाही. फोन कानाला लावला होता आणि हिरा त्यातून विचारत होती.

"वर कसं हाय?"

"उतरतंय. काठाचे दगड दिसायला लागलेत."

"येऊ का?"

"थांब जरा."

मी थांबले. पाण्याचा रंग बघितला, वरच्या वळणावर काही तरंगत येतंय का ते बघितलं, डोंगर बघितला, कान देऊन ऐकलं. मग म्हटलं, "निघा. एकमेकींचे हात धरा. फोन बंद करू नको."

पाण्यातून चालल्याचा आवाज येत होता, कोणीतरी कोणाला "सावकाश गं" म्हणत होतं. मी डोळे ओढ्यावरून हलवले नाहीत. डोळ्यात पावसाचं पाणी जात होतं तरी पुसायला हात वर नेला नाही. एवढा लांब वेळ माझ्या आयुष्यात दुसरा गेला नसेल.

मग हिराचा आवाज आला. "पोचलो ताई. समद्या पोचलो."

मी त्या दगडावर खालीच बसले. इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. तेवढ्यात फोनमध्ये काहीतरी ओढाओढी झाली आणि भागीआजीचा आवाज आला, एवढ्या वेळाचा साठवून ठेवलेला.

"ए बाय! मला पळ म्हनलीस ना? कुठं पळू ते नाय सांगितलंस! हिकडं का तिकडं?"

मागून सगळ्या बायका हसत होत्या, हिरासुद्धा. मीही हसायला लागले, ओढ्याकाठी, एकटीच, तोंडावर हात ठेवून. आजी म्हणाली, "हसू नको. फुडच्या येळंला नीट सांग."

"सांगते आजी," मी म्हटलं. "नीट सांगते."